गुणोकाका आणि अकरा घड्याळं

सर्व ग्रामस्थांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आज रविवार असल्याकारणाने श्री. गुणाजी ऊर्फ गुणोकाका यांनी सकाळी साडेसात वाजता डाव्या मनगटावर घड्याळ बांधलेले आहे. कोणीही त्यांना वेळ विचारू नये.

अशी दवंडी आमच्या आचऱ्यात कधी पिटली गेली नाही, पण पिटायला हवी होती. एका रविवारी तोंडवलीच्या किनाऱ्याला निघालेल्या पाहुण्यांनी माझ्या घरासमोर गाडी थांबवली, पडवीत बसलेल्या काकांचं चकचकीत घड्याळ पाहिलं आणि साळसूदपणे विचारलं, "काका, किती वाजले?" काकांनी घड्याळ सोडलं, उलटं केलं, खिशातल्या चाकूने मागचं झाकण उघडलं आणि गाडीच्या खिडकीतून आत धरलं.

"सतरा खडे," काका म्हणाले.

"हो, पण वाजले किती?"

"टायम तुमच्या मोबायलात आसा. हयसर यंत्र आसा. यंत्र बघा."

पाहुण्यांनी चाकांच्या टोकांशी बसवलेले लाल, सतराच्या सतरा खडे पाहिले आणि गाडी पुढे नेली.

काकांकडे अकरा घड्याळं होती. सगळी चावीची. तरुणपणी ते बोटीवर इंजिनखात्यात होते, तेव्हा बंदराबंदरातून गोळा केलेली. सोमवार ते शनिवार मात्र त्यांचं मनगट मोकळं. त्या दिवसांत वेळ हवी असली की ते रस्त्यावर येऊन "कणकवलीची गाडी गेली काय रे?" असं विचारत. घड्याळ वेळ बघण्यासाठी असतं ही कल्पना त्यांना थोडी अडाणीपणाची वाटे.

रविवारी सकाळी आम्ही तिघं माझ्या पडवीत जमत असू. प्रत्येकाने त्या दिवशीचं घड्याळ बांधून यायचं, ते हातोहात फिरायचं, त्यावर चर्चा व्हायची. काका अकरातलं एक निवडून आणत. शेजारच्या आळीतले मास्तर नवं, सेलवर चालणारं, तारीख-वार दाखवणारं घड्याळ बांधत. माझ्याकडे एकच होतं, लग्नात मिळालेलं, ज्याचा सोनेरी मुलामा वर्षभरात उडाला. काकांनी ते पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा बराच वेळ बघून म्हणाले, "सासऱ्यान तुका बरोबर ओळखलेल्यान."

मास्तरांची गत याहून वाईट. ते शाळेतलं मराठी बोलत आणि शाळेतलीच शिस्त पाळत. "गुणाजीराव, माझं घड्याळ महिन्याला एक सेकंदसुद्धा चुकत नाही."

"मास्तर, सेलाचां घड्याळ म्हणजे पगारी नोकर. चावीचां घड्याळ म्हणजे घरचां माणूस. रोज सकाळी विचारूचां लागता, जेवलंस काय रे?"

आणि काका खरोखरच रोज सकाळी, चहाच्या आधी, एकेकाला चावी देत. पावसाळ्यात दमट हवेने यंत्रं गंजू नयेत म्हणून घड्याळं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत. एकदा वयनींनी, म्हणजे काकांच्या थोरल्या वहिनींनी, घाईत त्याच डब्यातला तांदूळ पेजेला घेतला. काका पेज प्यायला बसले आणि तिसऱ्या घोटाला थांबले. पेल्यातून जपानी बनावटीचं एक घड्याळ बाहेर काढून त्यांनी कानाला लावलं. मग धोतराला पुसलं आणि उरलेली पेज संपवली.

"वाटरप्रूफ म्हणान लिवलेलां," एवढंच म्हणाले. "खोटां नाय."

वयनी आणि काका, घरात दोघंच. काकांनी लग्न केलं नाही. बोटीवरची चांगली नोकरी सोडून ते ऐन चाळिशीत कायमचे गावी का आले, याचं मला कोडं होतं. विचारलं की म्हणत, "अकरा घड्याळांका रोज चावी कोण देतलो?" मी वर्षानुवर्षं हे खरं मानत होतो. अशा माणसाबद्दल हे सहज खरं वाटतं.

त्या वर्षी देवाने गावपळणीचा कौल दिला. ठाऊक नसणाऱ्यांसाठी सांगतो. दर काही वर्षांनी आमचा सगळा गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, तीन दिवस आणि तीन रात्री घरदार सोडून वेशीबाहेर झोपड्या घालून राहतो. तेवढे दिवस गाव देवाचा. कुणीही परत पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी देवाने पुन्हा कौल दिला की घरी जायचं.

आमची आणि काकांची झोपडी लागून होती. दुपारी ताडपत्री ताणून झाली तसे काका तांदळाचा डबा घेऊन बसले. घड्याळं काढून त्यांनी टॉवेलावर मांडली. मोजली. परत मोजली. मग डबा टॉवेलावर उपडा केला.

"अकरा आसत की," मी म्हणालो.

"बारा व्हयी."

हे बारावं मी कधी ऐकलंही नव्हतं. मास्तर धावत आले. "शेवटची चावी कधी दिलीत?"

"सकाळी. सातांक."

"मग उद्या संध्याकाळपर्यंत चालेल. एवढं काय त्यात? परत गेल्यावर द्या चावी."

काका उठले आणि वेशीवरच्या व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, चालू लागले. व्हाळ ओलांडला की गाव. मी मागोमाग पोचलो तेव्हा त्यांनी चपला काढल्या होत्या आणि एक पाय पाण्यात होता.

"घराकच ऱ्हवलां दिसता. पंधरा मिन्टांत येतंय. देवाक कळाचां नाय."

"देवाचां ऱ्हवांदे, काका. पलीकडच्या झोपडीतली आमची आते बघता हा. सांजेपर्यंत मालवणात कळात."

ते हसले नाहीत. पाय पाण्यातच ठेवून म्हणाले, "तां माझां नाय. दादाचां आसा."

वासुदादा, काकांचा थोरला भाऊ, वयनींचा नवरा, साऱ्या गावाला ठाऊक होता. बावीस वर्षांपूर्वी मासेमारीला गेला. होडी मिळाली, माणूस मिळाला नाही. वयनींनी कुंकू पुसलं नाही आणि पूस असं कुणी म्हटलंही नाही. त्या घरात त्याचं नाव निघत नसे.

"खाऱ्या पाण्यान खराब होता म्हणान जाताना काढून ठेवलेल्यान," काका म्हणाले. "माका म्हणालो, गुण्या, चावी दी हां, बंद पडाक देव नको. मी रजेवर इललंय. येतलो म्हणान देत ऱ्हवलंय. मगे बोटीर जातलंय कसो? वयनी चावी देऊची नाय. ती त्या घड्याळाक हातच लावी नाय."

बोट का सोडली ते मला बावीस वर्षांनी कळलं.

मागून पावलं वाजली. वयनी होत्या. हातात काकांचा चहा.

"भावजी, जाव नकात. तां तुमी डब्यात ठेवलेलास. मीच काढून परत खुटयेक लावलंय."

काका वळले. "कित्याक?"

वयनींनी कप त्यांच्या हातात दिला. "बंद करूचां धारिष्ट माका नाय. तुमकाय नाय. आपण घरात आसलों तर तुमी चावी देतलास, मी बघतलंय, आणि आपण दोगांय अशीच म्हातारी होतलों. म्हणान म्हटलां, घरात कोण नसताना पडांदे बंद. आता गाव देवाचो आसा. काय तां तो बघतलो."

काकांनी उभ्या उभ्या चहा संपवला. मग पाय पाण्यातून काढला, धोतराने कोरडा केला आणि चपला घातल्या. तीन दिवस रोज सकाळी ते अकरा घड्याळांना चावी देत राहिले. बाराव्याबद्दल कुणी बोललं नाही. मास्तरांनीसुद्धा नाही, हे नमूद करायला हवं.

चौथ्या दिवशी कौल झाला आणि गाव परतला. काका-वयनींचं सामान पोचवायला मी आणि मास्तर बरोबर होतो. दार उघडलं. आत माजघरातल्या खुंटीवर घड्याळ होतं. पाचला वीस कमी असताना थांबलेलं.

काकांनी ते खाली काढलं. बावीस वर्षांच्या सवयीने अंगठा आणि बोट चावीवर गेलं. तसेच ते उभे राहिले. मास्तर जमिनीकडे बघत होते. मी आढ्याकडे बघत होतो. वयनींच्या डोक्यावरचं गाठोडं अजून डोक्यावरच होतं. काकांची बोटं हलेनात, आणि चावीवरून सुटेनातही.

मग त्यांनी हात खाली घेतला आणि घड्याळ वयनींसमोर धरलं. वयनींनी गाठोडं उतरवलं. पदराला हात पुसले. घड्याळ तळहातावर घेऊन त्या तबकडीकडे इतका वेळ बघत राहिल्या की मास्तरांना खोकला आला. आणि बावीस वर्षांत त्या घरात ज्याचं नाव कुणी काढलं नव्हतं, त्याच्याबद्दल वयनी एकदम मोठ्याने बोलून गेल्या,

"पाचाक वीस कमी खंयचे? साडेचारच झाले असतले. ह्येंचां घड्याळ नेमी धा मिन्टां फुडे. खंयय जावचां झालां तरी ह्येंका मेल्यांका सगळ्यांच्या आधी पोचूचां असायचां."