कनातीपलीकडचं हसू

धरणगावात ज्याला आपण फसवलं नाही असा माणूस अजून जन्मायचाय, असं कौतिक आबा चहाच्या दुकानात बाकावर बसून छातीठोक सांगायचे. सांगून झालं की आवाज जरा उतरवून म्हणायचे, "एक सोडून. पण ती आमना घरमाच शे, म्हनीसन तिले मोजत नही."

आबांचं वय बासष्ट, शिक्षण मराठी तिसरी (ती दोनदा), आणि धंदा शेतीचा असला तरी ध्यान सगळं खोड्यांवर. जिनिंगच्या मुकादमाच्या टोपीत खाजकुइरी टाकणारे आबाच, आणि त्याला "पित्त झालंय, तूप चोळ" असा सल्ला देणारेही आबाच. खोडी केल्यावर गप्प बसणं मात्र त्यांना जमत नसे. भेटेल त्याला थांबवून "पाह्यलं का? मीच!" असं सांगितल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे.

तर त्या वर्षी चैत्रात त्यांचे मेहुणे धनसिंगभाऊ एरंडोलहून बहिणीला भेटायला आले. भारदस्त माणूस. कडक इस्त्रीचं धोतर, डोक्याला फेटा, बोलणं मोजून-मापून. असा माणूस दिसला की आबांचे हात शिवशिवत. त्यांनी घडीच्या खुर्चीचा एक स्क्रू काढून खिशात टाकला आणि तीच खुर्ची मेहुण्यांपुढं अदबीनं मांडली.

"बठा, भाऊ."

भाऊ बसले. खुर्ची मागं गेली, भाऊ तिच्यासंगं गेले, आणि शेजारी निवत ठेवलेलं वरणाचं पातेलं वाटेत आलं. दोन्ही पाय आढ्याकडं, फेटा चुलीकडं, आणि पांढरं धोतर हळद लागल्यासारखं पिवळं! आबा जमिनीवर बसून मांड्या बडवत हसले. अंगणात जाऊन शेजारच्या पुष्पाबाईला हाक मारली, "ओ पुष्पाबाई, पाह्यलं का? मीच!"

धनसिंगभाऊ उठले, हात-पाय धुतले, आणि न जेवता निघून गेले.

बहिणीच्या घरातून भाऊ उपाशी गेला. कमलबाईंनी त्याच क्षणापासून नवऱ्याशी अबोला धरला.

चाळीस वर्षांच्या संसारात अबोले पुष्कळ झाले होते. पण ते दीड-दोन दिवसांचे, सर्दीसारखे. हा आठवडा ओलांडून गेला. घरचा कारभार काही बोलल्याविना चालत नाही, म्हणून कमलबाई सगळं शेळीमार्फत बोलू लागल्या.

"चांदे, सांग त्यास्ले, भाकर झाकी ठेयेल शे."

आबाही शेळीकडं तोंड करून म्हणत, "चांदे, इचार तिले, भाजीमा मीठ का नही?"

"चांदे, सांग, ज्याले अक्कल नही त्याले मीठ कशाले?"

शेळी बिचारी दोघांकडं पाहत रवंथ करायची. (आबांचं म्हणणं असं, की ती त्यांच्या बाजूची होती.)

सोळाव्या दिवशी कमलबाईंनी शेळीला सांगितलं, "चांदे, आखाजीले मी माहेर चालनू. पावसाळा सरी जाई तव्हय येसू."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायका माहेरी जातात, कमलबाईही दरवर्षी दोन दिवस जात. पण पावसाळा सरेपर्यंत? भाकरी कोण थापील हा प्रश्न होताच. त्याहून मोठा प्रश्न, खोडी केल्यावर शिव्या कोण देईल? गावानं शिव्या दिल्या तर त्यात रामच नव्हता. कमलबाईंनी लाटणं उगारून "बठ्ठं गाव हसस तुमले!" म्हटलं, की आबांना वाटायचं, खोडी पास झाली.

आखाजीला दोन दिवस उरले होते, आणि बाजारतळावर नथ्थूशेठचा सिनेमाचा तंबू लागला होता. ऐनवेळी शेठच्या यंत्राचा आवाज बसला. बोलपटाची तिकिटं घेतलेले लोक दगड शोधू लागले, तेव्हा त्यानं पेटीच्या तळातून विलायती मुकं चित्र काढलं आणि ओरडून सांगितलं, "जुना माल शे, पण हासीहासी पोट दुखाडी! नही दुखनं तर पैसे वापस!"

आबांनी ते ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला. माणूस हसताना अबोला धरू शकत नाही. एकदा का कमलबाई हसल्या, की झालं काम. त्यांनी पुष्पाबाईच्या हातावर दोन तिकिटं ठेवली आणि "मनं नाव सांगू नको" असं बजावलं.

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या खेळाला तंबू गच्च. मधोमध कनात, इकडं पुरुष, तिकडं बायका. आबांनी असलं चित्र जन्मात पाहिलं नव्हतं. आतापर्यंत पाहिलं ते सगळं देवादिकांचं. त्यात मध्येच हात जोडावे लागत.

पडद्यावर एक लंबूटांग माणूस आला. कान सुपासारखे, डोक्यावर टोपी, कोट आखूड. खांद्यावर शिडी घेऊन वळला आणि मागच्या शिपायाचं टोपडं उडालं. शिपायानं वाकून ते उचललं, तेवढ्यात लंबू परत वळला. तंबू खदाखदा हसला. आबा हसले नाहीत. ते सुतारानं दुसऱ्या सुताराचा रंधा पाहावा तसे पाहत होते. 'शिडी! चाळीस वर्सात शिडी सुचनी नही आपुले!'

मग लंबू पिठाच्या पिंपात पडला. मग ज्या खुर्चीवर बसला तिचा पाय मोडला आणि तो सरळ खिडकीतून बाहेर. आबांनी शेजारच्याला कोपर मारलं, "ही खुर्ची मनी शे! मी आधी करेल शे!"

"गप बठा ना, आबा!"

आणि तेवढ्यात कनातीपलीकडून ते हसू आलं.

आधी एक उचकी, मग शिट्टीसारखा बारीक आवाज, मग कुणी पायरीवरून कळशी सोडून द्यावी तसा गडगडाट. आबांनी ते हसू पूर्वी ऐकलं नव्हतं. तरी त्यांना कळलं. उचकी कमलबाईंचीच होती.

योजना फत्ते झाली होती. आबांनी खूश व्हायला हवं होतं. पण ते मनातल्या मनात भलताच हिशोब मांडू लागले. चाळीस वर्षं आपण खपलो, विंचू पकडले, बेडूक पाळले, आणि या बाईनं आपल्याला लाटणं दाखवलं. आणि हा कोण कुठला सुपकान्या! ना ओळख ना पाळख, आणि त्याला असा गडगडाट?

'दुसरी कोनी व्हई,' त्यांनी स्वतःला समजावलं. पण खात्री करायलाच हवी होती. कनातीशेजारी रॉकेलचा रिकामा डबा पडला होता. आबा त्यावर चढले, चवड्यांवर उभे राहिले आणि पलीकडं डोकावले.

पडद्याच्या हलत्या उजेडात कमलबाई दिसल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, डोळ्यांतून पाणी, आणि हातानं पुष्पाबाईच्या पाठीवर धपाधप गुद्दे. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा आबांनी जी पोर पाहिली होती, तीसुद्धा इतकी तरणी नव्हती.

आबा पाहतच राहिले. पाहता पाहता पुढं वाकले. पुढं वाकता वाकता डबा मागं गेला.

कनात, तिचा बांबू, दोरी आणि आबा, असा सगळा गठ्ठा बायकांत कोसळला. बायका किंचाळून बाजूला झाल्या, तसे आबा कनातीत गुंडाळलेले गडगडत थेट पडद्यापुढं. सुटण्यासाठी उभे राहिले, तर पाय दोरीत, पुन्हा आडवे. पुन्हा उठले, तर बांबू डोक्यात. यंत्र तसंच चालू होतं, आणि आबांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून तो लंबू आणि शिपाई एकामागून एक पळत होते. तंबूत असा हशा पिकला की नथ्थूशेठ पैसे मोजायचे सोडून आत आला.

त्या हशातून एक खणखणीत आवाज वर चढला.

"अहो, बाजूले सरका! पिच्चर दिखत नही!"

सतराव्या दिवशी, शेळीला मध्ये न घालता!

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पालथे पडले होते आणि कमलबाई त्यांच्या कमरेला गरम तेल चोळत होत्या. हात जड होता, पण हात होता. दारात एरंडोलची बैलगाडी येऊन उभी होती.

"तिसरा दिन येस मी," कमलबाई म्हणाल्या. "भाऊनी माफी मांगाले तुम्हीन बी या. आनि खुर्चीले हात लावशात तर पाय मोडसू."

आबांना स्वर्ग दोन बोटं उरला. इथं त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसले तर ते आबा कसले?

"ते ऱ्हाऊ दे. मी पडनू तव्हय हासनी का?"

कमलबाई तेल चोळत राहिल्या.

"हासनी का नही? खरं सांग. त्या लंबूपेक्षा जास्त हासनी ना? सांग ना, हासनी का? असं काय शे त्यामा, जे ह्या आबामा नही?"

कमलबाईंनी हात पुसले, पदर सारखा केला आणि गाडीकडं जाता जाता उंबऱ्यात थांबल्या.

"तो पडना, उठना, टोपी झटकी अन् चालना गया. 'हासनी का, हासनी का' करत कोनामांगे नही फिरना."