डावरे मास्तरांनी पिकअप बदलले

या, जरा सरकून जवळ बसा. मागच्यांनीही पुढे या. डावरे मास्तरांनी गिटारीचं काय करून ठेवलं ते सांगणार आहे, आणि ते हळू आवाजातच सांगायला हवं, कारण मास्तरांचं दुकान इथून हाकेच्या अंतरावर आहे.

मास्तर म्हणजे शिंपी. डावरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे, हाताची सवय. शाळेत डाव्या हाताने लिहिलं म्हणून त्यांनी त्याच हातावर पट्ट्या खाल्ल्या. शाळा सुटली की थोरली ताई तो सुजलेला हात धरून एक चाल गुणगुणत त्यांना घरी आणायची. शब्द नव्हते, नुसती चाल. ती ताई आता लेकाकडे, सातासमुद्रापार, कायमची निघाली होती. रविवारी शेवटचा चहा मास्तरांकडे घेऊन चार वाजता त्यांच्या दारातूनच तिची टॅक्सी सुटायची होती. त्याआधी तिला ती चाल डाव्या हाताने वाजवून ऐकवायची, एवढं एकच मास्तरांनी मनाशी धरलं होतं.

त्यासाठी डाव्या हाताची इलेक्ट्रिक गिटार शोधून आणली. अख्ख्या शहरात एकच होती, आणि ती एवढी वर्षं का उरली होती ते घरी आणल्यावर कळलं. सहा महिने शिकले तरी आवाज पत्र्याचा डबा बडवल्यासारखाच यायचा.

"पिकअप बदला," गिटारीचा दुकानदार म्हणाला. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले चुंबकाचे दोन ठोकळे. तारांची थरथर उचलून ते स्पीकरकडे धाडतात. "नवे देतो. आमचा माणूस बुधवारपर्यंत बसवून देईल."

"बुधवारी ताई इथे नसेल," मास्तर म्हणाले. "आणि तीस वर्षं सुईत दोरा ओवणाऱ्याला चार वायरी जोडायला माणूस कशाला हवा? सोल्डरिंगचं सामान तेवढं द्या."

शनिवारी मास्तरांनी गिटार कापडं कापायच्या टेबलावर उताणी घातली. पिकअपच्या खोक्यात आकृतीचा कागद होता, उजव्या हाताच्या गिटारीचा. तुम्हीआम्ही इथे अडलो असतो. पण उजव्या बाहीवरून डावी बाही काढायची तर कागद पालथा घालायचा, हे मास्तर झोपेतसुद्धा करतात. त्यांनी कागद पालथा करून खिडकीच्या काचेला लावला आणि मागच्या बाजूने अख्खी आकृती गिरवून घेतली. एवढ्यावरही समाधान झालं नाही. केबल खुपसायच्या जॅकवर पांढरी वायर डावीकडे आणि काळी उजवीकडे लावा असं लिहिलं होतं, तर त्यांनी पांढरी उजवीकडे लावली आणि काळी डावीकडे.

"अहो, एकदा दुकानदाराला फोन करून विचारा," बायको म्हणाली.

"उजव्यांना विचारण्यात निम्मा जन्म गेला माझा. आता पुरे."

रविवारी दुपारी दोनला केबल जोडली. मास्तरांनी तारांना बोट लावलं मात्र, स्पीकरच्या पोटात गांधीलमाश्यांची सभा भरली. बोट उचललं की सभा जरा शांत. पुन्हा लावलं की पुन्हा गदारोळ.

"हात काढला की थांबतंय," बायकोने नोंद घेतली.

"हात काढून वाजवू कशाने? नाकाने?"

मग मास्तरांनी फ्रीज बंद केला. पंखा बंद केला. बायकोचा मोबाइल मोरीत नेऊन ठेवला. माश्या तशाच.

"दूध नासलं तर ताईंना कपात गिटार ओतून द्या," बायको म्हणाली.

तेवढ्यात तळमजल्यावरचे वायरमनभाऊ आले. निवृत्त माणूस, विजेचं काही बिघडल्याचा वास त्यांना जिन्यातूनच लागतो. त्यांनी ऐकलं, भिंतीला कान लावला, मान हलवली.

"दोष गिटारीत नाही, इमारतीच्या लाइनीत आहे. खालचा मेन फ्यूज काढून बघू."

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मास्तर इतके कावले होते की म्हणाले, "काढा. जे काढायचं ते काढा."

भाऊ चार मजले उतरले. थोड्याच वेळात जिन्यातून हाक आली, "आता घुमतंय का हो?"

"नाही," मास्तर ओरडले.

"तरी मी म्हटलंच होतं."

"भाऊ," बायको कठड्यावरून म्हणाली, "वीजच नाही तर स्पीकर घुमेल कसा?"

भाऊ फ्यूज परत बसवू लागले. मग काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज. फ्यूजचं बूड तुटलं होतं. मेव्हण्याकडे जुनं पडलंय, अर्ध्या तासात आणतो, असं सांगून भाऊ निघाले, आणि मोरीत मोबाइल वाजू लागला.

"अगं, तुमची लिफ्ट तिसऱ्या मजल्याशी येऊन थांबली," ताई म्हणाली. "मी आत आहे. अंधार आहे नुसता."

मास्तर तिसऱ्या मजल्यावर धावले आणि लिफ्टच्या दाराशी बसले.

"ताई, सगळं माझ्यामुळे झालं."

"ते तू पहिलीपासून म्हणतोस. वाजले किती?"

"तीन पंचवीस."

"मग बोलत राहा काहीतरी. जीव घाबरतोय माझा."

मास्तरांना काही बोलायला सुचेना. वर जाऊन त्यांनी गिटारच आणली. स्पीकरवाचून तिचा आवाज कंगव्यावरून नख फिरवावं एवढा. त्यांनी दोन ओळी वाजवल्या.

"बोल ना. गप्प का झालास?"

वैतागून मास्तरांनी गिटारीचं लाकूड लिफ्टच्या पत्र्याच्या दाराला गच्च दाबलं आणि पुन्हा सुरुवात केली. अख्खं दार बोलू लागलं.

"थांब," ताई म्हणाली. "पहिल्यापासून घे. मी कान लावते."

त्यांनी चाल शेवटपर्यंत वाजवली. मग दाराला कान लावून विचारलं,

"ऐकू आलं का ग?"

"आलं. मध्ये एका ठिकाणी घाई केलीस. तिथे मी थांबायचे. रस्ता ओलांडायचा असायचा ना. पुन्हा वाजव, आणि तिथे थांब."

मास्तर थांबले तेव्हा दाराच्या आतून ती गुणगुणत होती.

चारला पाच कमी असताना दिवे आले आणि दार उघडलं. ताईने भावाचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि टॅक्सीत जाऊन बसली. चहा राहूनच गेला.

"म्हणजे," टॅक्सी वळल्यावर बायको म्हणाली, "ते पिकअप बदलायची मुळात गरजच नव्हती."

बुधवारी दुकानदाराने गिटार उघडली आणि बराच वेळ आत बघत राहिला. "मास्तर, बाहीला डावं-उजवं असतं. बटणाला असतं का? हा जॅक सगळ्या गिटारींना सारखाच." दोन वायरींची अदलाबदल केली, दोन मिनिटांत सभा उठली.

आता गिटार घंटेसारखी वाजते. मास्तर दर रविवारी ताईला फोन लावून ऐकवतात. परवा तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान आहे रे. पण दारातून जास्त बरं वाजत होतं."

असो. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या ताईलाही आठवा, मंडळी. मुलूख परका आहे, आणि लेक दिवसभर कामावर असतो.