मुरिगेप्पांचं मॅचिंग

दावणगेरेच्या चौकीपेठेत मुरिगेप्पा शेट्टरांचं मॅचिंग सेंटर आहे. दुकान कसलं, गिऱ्हाईक आत शिरलं की मालकाने पोट आत घ्यावं एवढी जागा. पण भिंती छतापर्यंत ब्लाऊजच्या कापडांनी भरलेल्या. बाई पायरी चढते न चढते तोच मुरिगेप्पा तिच्या साडीकडे बघून निकाल देणार, "अक्का, हा रामा रंग नव्हे. रामाला जरा ताप आलाय." आणि नेमकं त्या तापाचं कापड काढून पुढे टाकणार. पार हुब्बळ्ळीहून बायका लग्नाच्या साड्या घेऊन त्यांच्याकडे येत. देवाने डोळे सगळ्यांना दिले, नजर फक्त मला दिली, असं ते स्वतःच सांगत. त्यामुळे दुसऱ्या कोणी सांगायची वेळच येत नसे.

तर एका रविवारी या मुरिगेप्पांनी एवढंच ठरवलं, की मेहुण्याची गाडी उन्हातून सावलीत घ्यायची.

मेहुणा म्हणजे वीरभद्र, गिरिजम्मांचा धाकटा भाऊ, चित्रदुर्गाचा. काशीयात्रेला जाताना नवी गाडी बहिणीच्या अंगणात ठेवून गेला होता. किल्ली देताना म्हणाला, "भावजी, नुसती असू द्या. हलवू नका." आता मेहुण्याने असं म्हटल्यावर गप्प बसणारा भावजी अजून जन्माला यायचाय.

मुरिगेप्पांनी गाडी मागे घ्यायला म्हणून पुढे घेतली. (पुढचं-मागचं हे त्यांचं खातं नव्हे. त्यांचं खातं रंग.) फाटकाच्या दगडी खांबाने पुढच्या चाकावरचा पत्रा कर्रर्रकन सोलून काढला.

"अहो, काय झालं?" गिरिजम्मांनी आतून विचारलं.

"काही नाही. गाडी जरा खांबाला लागली."

"खांब बरा आहे ना?" म्हणत त्या बाहेर आल्या आणि डोक्याला हात लावून उभ्या राहिल्या. "शिव शिव! अहो, भद्रा ही गाडी बायकोलासुद्धा चालवू देत नाही हो!"

"रंगच गेलाय ना?" मुरिगेप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा चक्क उजळला होता. "मग काळजी कसली? रंगाला आपण आहोत."

पी. बी. रोडवर दस्तगीरचं गॅरेज होतं. दस्तगीरने गाडीचं दार उघडलं, दाराच्या चौकटीवर चिकटवलेली कंपनीची चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "अण्णा, हा बघा रंगाचा नंबर. हा सांगितला की यंत्र रंग कालवून देतं. थोडा फरक राहिलाच, तर तेवढं मी हाताने सांभाळतो. तुमच्या मेहुण्यालासुद्धा कळणार नाही."

"यंत्र?" मुरिगेप्पांनी असं तोंड केलं, जणू कोणी त्यांना त्यांच्याच दुकानात येऊन तयार ब्लाऊज विकायला लागलंय. "नंबर विसर. उद्या मी रंग घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी ते कापडाचं गाठोडं घेऊन आले. बॉनेटवर एकेक तुकडा पसरायचा, डोळे बारीक करायचे, मान हलवायची, दुसरा घ्यायचा. समोरच्या बसथांब्यावरच्या दोन बायका सेल लागलाय समजून आल्या आणि भाव विचारून गेल्या. शेवटी एक तुकडा मुरिगेप्पांनी हवेत धरला.

"हा! बदामी नाही, राखाडी नाही. भिजवलेल्या बदामावर संध्याकाळची सावली पडली की हा रंग होतो. असाच कालव."

"अण्णा, हे टू-बाय-टू, ब्लाऊजचं सुती कापड आहे," दस्तगीर म्हणाला. "गाडीचा रंग मेटॅलिक. त्यात चकचकीत कण असतात. समोरून एक दिसतो, बाजूने दुसरा."

"धूपछाव साडी मी तुझ्या जन्माआधीपासून विकतोय."

दस्तगीरही काही गरीब गाय नव्हता. आपल्या हाताचा त्यालाही तोरा होता. कापडाशी हुबेहूब असा रंग त्याने हट्टाने कालवला आणि पत्र्यावर मारला. शेडमधल्या ट्यूबलाईटखाली तो असा जुळला, की मुरिगेप्पांनी दस्तगीरच्या पाठीवर थाप मारली. मग गाडी उन्हात आणली.

गाडी दुसऱ्याची चप्पल घालून लग्नातून परतल्यासारखी दिसत होती.

"खरवडतो पुन्हा," दस्तगीर हळूच म्हणाला. "नंबरावर जाऊ."

मुरिगेप्पांनी कापडाचा तुकडा आधी पत्र्याला, मग दाराला लावून पाहिला. "पत्रा बरोबर आहे," ते म्हणाले. "दार चुकलंय."

"दार कंपनीने रंगवलंय अण्णा!"

"मग कंपनी चुकली. दुकानात ब्लाऊज जुळेना झाला की मी काय करतो? साडी बदलायला सांगतो. दार रंगव."

दार रंगवल्यावर मागचं दार चुकीचं वाटू लागलं. मग बॉनेट. मग डिकी. गिरिजम्मा भाकरीचा डबा घेऊन आल्या तेव्हा दस्तगीर टपावर चढला होता.

"अहो, एवढ्याशा ओरखड्यासाठी अख्खी गाडी रंगवायला लावलीत?"

"आता कुठेच फरक दिसत नाही."

"फरक दिसायला जुनं काही उरलंय कुठे?"

पण गाडी अंगणात आली तेव्हा मात्र त्यांनीही बॉनेटवरून कौतुकाने हात फिरवला. खोटं कशाला बोला, गाडी सुरेख दिसत होती. कुठे डाग नाही, कुठे जोड नाही. मुरिगेप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून म्हणत, "सांगा बरं, कुठे लागली होती?" आणि कोणालाच सांगता येत नसे.

वीरभद्र स्टेशनवरून रिक्षाने आला. अंगणातल्या गाडीच्या बाजूने सरळ घरात गेला, बहिणीच्या हाती गंगाजल दिलं, पाणी प्याला आणि बाहेर येऊन म्हणाला, "भावजी, गाडी कुठाय?"

"तुझ्यासमोर."

त्याने नंबरप्लेट वाचली. भावजींकडून किल्ली घेऊन लावून पाहिली. दार उघडलं, आतली आपली सीट ओळखली आणि तो पायरीवर येऊन बसला.

"भद्रा," गिरिजम्मा घाईघाईने म्हणाल्या, "काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडून यायचं असतं. तू काय सोडून आलास रे?"

"राग सोडला अक्का," तो दात आवळून म्हणाला. "वांगी सोडायला हवी होती."

"नीट बघ," मुरिगेप्पा म्हणाले. "कुठे जोड दिसतो का?"

वीरभद्र गाडीभोवती फिरला. पुन्हा फिरला. "नाही दिसत. पण भावजी, गाडी माझी दिसत नाही!"

"ते सोड. जुळलीय की नाही?"

जुळली तर होतीच. सोडून दिलेल्या रागाची आठवण काढत वीरभद्र एवढंच म्हणाला, की कागदावर रंग वेगळा आहे, उद्या पोलीस धरतील, तेव्हा तो बदलून द्या.

दोघे आरटीओत गेले. खिडकीतल्या बाईने विचारलं, "नवा रंग कोणता?"

मुरिगेप्पा खिडकीशी वाकले. भिजवलेला बदाम सांगितला, संध्याकाळची सावली सांगितली, ती कोणत्या ऋतूतली तेही सांगितलं.

"ग्रे लिहू की ब्राऊन?"

"ब्राऊन? बाई, ब्राऊन गोणपाट असतं!"

"यादीत एवढेच आहेत. नाहीतर 'इतर' लिहिते."

मुरिगेप्पांनी छाती पुढे काढली. "'इतर' लिहा. यादीत मावेल असा रंगच नाही तो."

वीरभद्रने वाटेत अक्काला फोन करून सगळं सांगितलं, आणि अक्काने संध्याकाळपर्यंत सगळ्या चौकीपेठेला. सकाळी दुकान उघडतंय तोच एक बाई पायरीवर आली. मागे तिघी तोंडाला पदर लावून उभ्या.

"अण्णा, 'इतर' रंगात टू-बाय-टू आहे का हो?"

मुरिगेप्पा कापडाची घडी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "आहे ना. फिकट दाखवू की गडद?"