हिरव्या खाचेचं प्रमाणपत्र

तलवार जितकी देखणी, तितका तिचा माणसांना उपद्रव कमी, हे युद्धशास्त्रातलं निर्विवाद सत्य आहे. म्हणूनच निळसर पात्यावर सोनेरी वेलबुट्टी काढलेल्या, युरोपीय घोडदळाच्या जुन्या तलवारींनी आजवर सर्वाधिक जखमा केल्या, त्या त्यांना पुसणाऱ्यांच्या बोटांना.

अशी एक तलवार दंतवैद्यांकडे होती. तिच्या मुठीवर सिंहाचं तोंड होतं आणि सिंहाचे दात दंतवैद्य दर रविवारी स्वतः साफ करीत. (डावीकडची वरची दाढ हलते आहे, हे निदानही त्यांचंच.) पण एवढ्यानं भागत नव्हतं. गावात अश्वदळ तलवार परीक्षण मंडळ होतं आणि मंडळाचं प्रमाणपत्र नसलेल्या तलवारीला जाणकार लोक सुरी म्हणत.

मंडळात तिघे जण होते: निवृत्त भूगोल मास्तर, एक घड्याळजी आणि अध्यक्ष. पैकी घोड्यावर बसलेले फक्त अध्यक्ष. (वय वर्षे सहा, फोटोपुरते, घोडा लाकडी.) मंडळाची पद्धत मात्र शास्त्रशुद्ध होती. तपासलेल्या एकेचाळीस तलवारींपैकी एकोणचाळीस प्रत्यक्ष लढाईत वापरलेल्या निघाल्या होत्या. उरलेल्या दोन म्हणजे दंतवैद्यांची एकच, दोनदा आणलेली. दोन्ही वेळा शेरा पडला: ‘पात्यावर वापराची खूण नाही. शोभेची.’ हा शब्द दंतवैद्यांच्या जिव्हारी लागला होता. लोक आपल्याला हसतात असं त्यांना वाटे, आणि लोक खरंच हसत. नियमाप्रमाणे तिसरी तपासणी अखेरची होती.

तिसऱ्या खेपेला मंडळ घरीच आलं. नुकत्याच रंगवलेल्या हिरव्या खिडकीपाशी टेबल ओढलं गेलं. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

"खाच आहे," ते म्हणाले. "टोकापासून बोटभर अंतरावर. आत हिरवा अंश."

दंतवैद्य चमकले. गेल्या रविवारी तिथं काही नव्हतं. पण मास्तर तोवर कामाला लागले होते. हिरवा अंश, अर्थात शत्रूचा गणवेश हिरवा. अंश किंचित चिकट, अर्थात लढाई दमट हवेत झाली. खाच तिरकी, अर्थात स्वार डावखुरा.

"अहो, ती खाच माझी आहे," दंतवैद्यांची बायको म्हणाली. "परवा रंगाच्या डब्याचं झाकण निघेना. ह्यांच्या तलवारीचं टोक बरोबर बसलं बघा." (ती डावखुरी आहे. तेव्हा मंडळाच्या शास्त्राला कुणी नावं ठेवू नयेत.)

अध्यक्ष मायेनं हसले. "वहिनी, प्रत्येक घरात अशी एखादी दंतकथा असतेच."

"दंतकथा कसली? ब्रश अजून वाळला नाहीये."

"लिहून घ्या, मास्तर. घरात मौखिक परंपरा आढळते. झाकणाचा उल्लेख येतो. झाकण म्हणजे बहुधा शिरस्त्राण."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तरी सांगा की."

दंतवैद्यांनी खिडकी पाहिली, खाच पाहिली. रंग एकच होता. लाज वाटली, आणि चांगलीच वाटली. पण तीस वर्षं लोकांना ‘तोंड उघडा’ म्हणणाऱ्या त्या माणसानं स्वतःचं मात्र मिटून ठेवलं. प्रमाणपत्र जागेवरच मिळालं: ‘प्रत्यक्ष युद्धात वापरलेली. स्वार डावखुरा. शत्रू हिरवा.’

मंडळ गेल्यावर बायकोनं एकच प्रश्न विचारला, "आता दुसरा डबा कशानं उघडू?" दंतवैद्यांनी दाढा काढायचा आपला चिमटा निमूटपणे आणून दिला.

तलवार आता त्याच खोलीत काचेच्या पेटीत आहे. खाचेकडे बाण दाखवलेला आहे. पाहायला आजवर दोनशे बारा जण येऊन गेले; खिडकीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आपणही अवश्य यावं. इथवर वाचताना आपण मंडळाला हसलात, म्हणजे आपली नजर तीक्ष्ण आहे. फक्त पेटीवरची सूचना पाळावी: खाच नीट दिसण्यासाठी खिडकीकडे पाठ करून उभं राहावं. ते दोनशे बारा जणही आपल्याइतकेच हुशार होते.