गिटारचा डबा आणि आबांची गूळतुला

आवाज कसा लावायचा, हे मला कुणी शिकवू नये! बारामतीच्या घरात हेडफोन लावून मी तो नवा डबा असा काही तयार केला होता, की बावड्याच्या मांडवातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यासुद्धा डोलल्या असत्या.

डबा म्हणजे डिजिटल गिटार मॉडेलर. काळा, चपटा, जेवायला बसायच्या पाटाएवढा. जमिनीवर ठेवायचा आणि पायानं बटणं दाबायची. कपाटाएवढ्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज हा एकटा काढतो. आमच्या पतसंस्थेतला शिपाई मॅनेजरची नक्कल करतो ना, तशी हा सगळ्यांची करतो. फक्त हा पकडला जात नाही!

त्यावर गतीचंही बटण आहे. दोनदा पाय द्यायचा, मधल्या अंतरावरून डबा गाण्याची गती ठरवतो आणि त्याच गतीनं माझ्या सुरांचे पडसाद सोडतो. ती गती मला उभ्यानं दिसावी म्हणून मी पडद्यावर तिचा आकडा मोठ्ठा करून ठेवला. हिरवागार, लखलखीत, १२०, म्हणजे मिनिटाला एकशे वीस ठोके. काय माझी हुशारी!

आता शेडचं सांगते. आमच्या वाद्यवृंदात माणसं दोन. मी गिटार वाजवते आणि गाते, गोकुळ ऑक्टोपॅड बडवतो. सराव बावड्याला, त्याच्या घरच्या डाळिंबाच्या शेडमध्ये. शेडचे मालक त्याचे आजोबा, मोहनराव आबा. त्यांनी बजावलं होतं, "माज्या पंच्याहत्तरीला माजी गवळण वाजवून दावा. बरी झाली तर शेड तुमचं. न्हाय तर कडबा भरतो." आणि आबा नुसतं बोलणारे नव्हेत. सत्काराच्या सकाळीच कडब्याचा ट्रॅक्टर शेडच्या दारात आणून लावला होता. स्टेजवरून दिसत होता!

मी तार जोडली, स्पीकरवाल्याशी आवाज जुळवला, डबा स्टेजच्या मधोमध ठेवला आणि निर्धास्त चहाला गेले.

गवळणीच्या आधी आबांची गूळतुला होती. सत्कारमूर्तीच्या वजनाइतका गूळ गावाला वाटायचा. हल्ली पारडी कोण बांधतं? इलेक्ट्रॉनिक काट्यावर माणूस तोलायचा, मग ढेपा. पण काटा देणारा व्यापारी उगवलाच नव्हता. निवेदनाला बाजीराव गुरुजी. त्यांच्या हातात माईक गेला की परत घ्यायला दोन माणसं लागतात. त्यांनी स्टेजवर पाहिलं. काळा, चपटा डबा. हिरवा आकडा.

"वा! पोरांनी काटा आधीच आणून ठेवलाय! आबा, चढा!"

आबा चढले. अंगानं शेवग्याची शेंग, वर फेटा. गुरुजींनी वाकून आकडा वाचला आणि माईकवर गर्जले, "एकशे... वीस... किलो!"

टाळ्यांचा कडकडाट! माझ्या हातातला चहा साडीवर.

"एकशे वीस?" आबांनी स्वतःच्या पोटाकडं बघितलं. तिथं पोट नव्हतंच. "कोट जड हाय जरा."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आबांच्या मंडळी, द्वारकाआजी उठल्या. "बगा! मी ह्यास्नी खायला घालत न्हाय म्हणणारी तोंडं कुठं गेली? बोला की आता!" मागच्या रांगेत आबांची बहीण छबूबाई बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला.

गुरुजींना मात्र शंका आली. "आबा, नीट उभं ऱ्हावा."

आबांनी सावकाश एक पाय उचलून ठेवला. मग दुसरा. नेमके गतीच्या बटणावर! आकडा झाला ५८.

"अठ्ठावन्न! हां, हे पटतंय!"

"पटतंय काय?" आजी थेट स्टेजवर. "एवड्यात निम्मा माणूस गेला कुठं?"

"श्वास सोडला गं मी," आबा पडेल आवाजात म्हणाले.

मी स्टेजकडं धावले. गोकुळनं पायरीवरच माझा दंड धरला. "ताई, गप ऱ्हा!"

"अरे, तो काटा नाहीये!"

"मला म्हाईत हाय! पण आत्ता सांगितलं तर चारचौघांत आबांची शोभा हुईल. ट्रॅक्टर बगितला का?"

बघितला. पायरीवरच थांबले.

शेवटी आजींनीच निकाल दिला. पहिलं वजन खरं, दुसऱ्या वेळी काटा दमला होता! गूळ एकशे वीसच्या हिशोबानं वाटायचा ठरला. गाव खूश! नाराज होतं कोण? छबूबाई. तिनंही दोन ढेकळं घेतलीच.

मग गवळण. मी आबांना हात देऊन डब्यावरून उतरवलं आणि पहिला सूर छेडला. देवा! गती दुरुस्त करायची राहिली होती! आम्ही बसवलेली एकशे वीसवर, डबा चाललेला आबांच्या पायानं. माझ्या सुराचा पडसाद इतक्या उशिरा येत होता, जणू नरसिंहपूरहून चालत निघालाय. गोकुळ दोन ठोके पुढं पळाला, दचकून थांबला, माझ्याकडं बघायला लागला. आता पडसादाला सोडून पळायचं, की त्याच्याबरोबर चालायचं? चाललो. एकेक सूर वाढप्यानं बासुंदी वाढावी तसा सावकाश.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून ट्रॅक्टर दिसत होता. आबांकडं बघायचं धाडस होईना. शेवटी बघितलं. फेटा डोलत होता!

गाणं संपल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं. "पोरी, आज गवळण गवळणीसारखी झाली. एरवी तुमी म्हसरं सुटल्यागत पळता. कुणी शिकीवलं हे?"

"तुमच्याच पायाशी शिकले, आबा," मी म्हणाले. अक्षरशः खरं होतं!

ट्रॅक्टर गेला. शेड आमचं झालं.

हिशोब इथंच मिटायचा. पण आता दर रविवारी सरावाआधी आजी आबांना शेडमध्ये घेऊन येतात. "करुणा, लाव गं काटा." मी गुपचूप आकडा चढवते, आबांना त्या बटणापासून लांब उभं करते. आजी आकडा बघतात आणि तडक छबूबाईला फोन लावतात. गेल्या रविवारी आबा एकशे तेवीस भरले!

सगळे मजेत आहेत. एकच भानगड आहे. त्या दिवशी आकडा परत उतरवायला विसरले आणि गवळण सुसाट सुटली. आबा उठून उभे राहिले, कपाळाला आठ्या घालून मला म्हणाले, "पुन्ना म्हसरं सुटली का?"

आता त्यांना कसं सांगू, की आबा, तुमचंच वजन वाढलंय!