उबेचे वतन आणि चारशे पन्नास पिंपांची हकीकत

श्री अग्निनारायण समर्थ. शके सतराशे दोन, शार्वरी नाम संवत्सर, ते समयी डोंगरमाथ्यावरील एका राज्यात राजवाड्यास ऊब कैसी राहिली आणि तिचे मोल कोणी दिले, हे वर्तमान साद्यंत, पदरचे काही न घालता, लिहिले जाते. प्रथम लाभाचा मजकूर ऐसा जे, त्या राज्यात विसाजीपंत म्हणोन तेलकारभारी होते, आणि त्यांस माणकशेट तेलव्यापारी यांजकडून वीस रुपयांच्या खरेदीस एक रुपया दस्तुरी गुपचूप पोहोचत असे. हिवाळ्यास तेल लागे सहाशे पिंपे. ज्येष्ठात पिंपाचा भाव चार रुपये, थंडीत नऊ. ज्येष्ठात घ्यावे तर दस्तुरी एकशे वीस, थंडीत घ्यावे तर दोनशे सत्तर. मधला फरक दीडशे रुपये, आणि विसाजीपंतांस लेकी तीन. याकरिता पंतांनी ऐसा समज पसरविला होता की, उन्हाळ्यात भट्टीच्या तेलाचे नाव काढिले तर थंडी रागावते आणि लवकर येते. आणि वीस वर्षांत तो समज इतका मुरला की, ज्येष्ठात कोणी तेलाचे पिंप म्हटले तरी म्हाताऱ्या बाया कानांवर हात ठेवीत आणि खुद्द महाराज जानव्यास हात लावीत.

आता ऊब म्हणजे काय, तर राजवाड्याचे तळघरी मोठी भट्टी, तीत परमुलखाचे काळे तेल जळे, तिजवर पाण्याचे हंडे, आणि तांब्याच्या नळ्यांतून ऊन पाणी राजाच्या महालात आणि चोवीस दालनांत फिरे. मूळपुरुषांनी किल्ला घेतला तेव्हा चोवीस सरदार संगे चढले, आणि त्यांस द्यावयास जमीन पुरेना, मग प्रत्येकास एक दालन आणि त्या दालनातील ऊब वंशपरंपरा वतन करून दिली. पुढे सतरा घराणी खाली सपाटीवर जाऊन राहिली, तिकडे थंडीच नाही, परंतु वतन ते वतन. म्हणोन रिकाम्या सतरा दालनांत कार्तिकापासून पाडव्यापर्यंत ऊन पाणी फिरतच असे, आणि त्यात मांजरे सुखाने वीत. एखादी तोटी बंद करावी ऐसे कोणी सुचविले तर सरदार तलवारीस हात घालीत. ऐसे चालले असता आदल्या साली खजिन्याची नेमणूक उतरून छत्तीसशेवर आली, तेलाचे नेहमीचे चौपन्नशे रुपये जाहले, आणि अठराशे रुपये माणकशेटचे देणे राहिले. मग शेट फाल्गुनात गडावर आले आणि बहुत नम्रतेने म्हणाले की, व्याज नको, घाई नाही, पुढल्या सालच्या पाडव्यापावेतो न दिले तर आंबवणी गाव तेवढे आमचे नावे करावे. महाराज स्वभावे मोठे दिलदार, आणि दुसऱ्याच्या वस्तूविषयी तर फारच, त्यांनी तात्काळ मोर्तब केले. आंबवणी हे राणीसाहेब भानुबाई यांचे चोळीबांगडीचे गाव होते.

भानुबाईसाहेब लहान जहागिरीतल्या, माहेरी मीठमिरचीचा हिशेब लहानपणापासून पाहिलेल्या. त्यांस राज्यात स्वतःचे म्हणावे ऐसे ते एक गाव: दोन हजारांचा वसूल, आंब्याची तीनशे झाडे, आणि वर्षातून एकदा तिकडे जाऊन कोणाची परवानगी न घेता चार दिवस राहता येई. माणकशेटच्या हाती गेलेल्या गावांत निम्मे आंबे आणि सगळी झोप जाते, हे त्यांस ठाऊक होते. मोर्तबाचे वृत्त कळताच त्या महाराजांवर रागावल्या नाहीत, कारण त्यात दिवस फुकट जातो; त्यांनी वीस सालांचे तेलाच्या हिशेबाचे रुमाल, म्हणजे कागदांची बासने, मागविली, आणि तीन दिवस ते चाळून विसाजीपंतांस बोलाविले. पंत आले ते आधीच घामेजले होते. बाईसाहेबांनी त्यांस बसावयास पाट दिला आणि म्हणाल्या, "पंत, माणकशेट वीसास एक देतात. तुम्ही घेता. आम्ही विचारीत नाही. तुमच्या तिघी लेकींची लग्ने व्हावयाची आहेत, हेही जाणतो."

पंत म्हणाले, "बाईसाहेब, लोक काय वाटेल ते बोलतात."

"लोक नव्हे, हे रुमाल बोलतात. आता आमचे ऐका. खजिन्यातून छत्तीसशे मिळतील. त्यांतले अठराशे शेटजींचे देणे म्हणोन आजच बाजूस काढले. राहिल्या अठराशांत ज्येष्ठात चारच्या भावाने चारशे पन्नास पिंपे घ्या. पाडव्याच्या सकाळी जितकी उरतील तितक्यांस पिंपामागे पाच रुपये आम्ही आंबवणीच्या वसुलातून तुम्हांस देऊ. एकही न उरले तर काही नाही. आणि पुरली नाहीत तर वरची तुमच्या घरून."

पंतांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात गणित केले की, शेटजींची दस्तुरी सोडून चौपन्न उरली तर जुन्याइतके, आणि पंचावन्नावे पिंप ते नफ्याचे. मग डोळे उघडून इतकेच विचारले की, हे लेखी मिळेल काय. तात्काळ मिळाले.

त्या दिवसापासून विसाजीपंत निराळेच गृहस्थ जाहले. ज्येष्ठात त्यांनी स्वतः तेल आणविले, आणि कोणी थंडी रागावेल म्हणाला त्यास म्हणाले की, थंडीशी आमचे बोलणे जाहले आहे. भाद्रपदात भट्टीची काजळी खरवडविली, तो वीस सालांची काजळी अकरा पाट्या निघाली. मग खिडक्यांच्या फटींत चिंध्या आणि मेण भरले, दारांस आतून गोधड्या लावल्या, आणि कार्तिकात भट्टी पेटताच हाती काठी घेऊन वाडाभर फिरू लागले; कोठे दार उघडे दिसले की प्रथम लोटीत आणि मग आत कोण आहे ते विचारीत. महाराजांस सवय ऐसी होती की, दालन तापवावे आणि खिडकी उघडून वारा घ्यावा, म्हणजे दोन्ही सुखे एकदम होतात. एके सकाळी पंत मुजरा न करता खिडकीशी गेले, ती लावली, आणि मग मुजरा करून म्हणाले, "महाराज, खिडकी उघडी आहे तोवर आपण समोरच्या दरीस ऊब देत आहां. दरी काही आपला सारा भरीत नाही." महाराज बाईसाहेबांकडे गाऱ्हाणे घेऊन गेले की, पंत अलीकडे फार स्वामिनिष्ठ जाहले आहेत, याचा काही बंदोबस्त करावा. बाईसाहेबांनी त्यांस एक शाल दिली.

परंतु मुख्य खर्च चोवीस दालनांचा, आणि वतनास हात लाविता येईना. तेथे पंतांनी जे केले ते त्यांनीच करावे. सपाटीवरील सतराही सरदारांस सतरा पत्रे लिहिली, मजकूर एकच, की आपल्या शेजारच्या दालनाच्या मानकऱ्यांनी या हिवाळ्याची ऊब महाराजांस नजर केली, त्यांचे नाव संक्रांतीचे दरबारी वाचले जाईल, आपण तसदी घेऊ नये. पत्रे पोहोचली तेव्हा कोणीच काही नजर केले नव्हते. आठवड्यात सतराही उत्तरे आली, आणि प्रत्येकात हेच की, आमची ऊब आधी घ्यावी आणि आमचे नाव शेजाऱ्याच्या आधी वाचावे. मग बाईसाहेबांनी ती सतरा नावे एका मोठ्या परातीच्या काठाने गोल कोरविली, जेणेकरून पहिला कोण हे परातीसही सांगता येईना, आणि दरबारी परात फिरवून वाचली. सतरा तोट्या बंद जाहल्या. मांजरांची गैरसोय जाहली.

राहिले गडावरचे सात सरदार. त्यांच्याकरिता पंतांनी एकच मोठे दालन तापविले, तेथे सोंगट्यांचा पट आणि हुरडा ठेविला, आणि ज्यांस आपल्या दालनी बसणे असेल त्यांनी खुशाल बसावे, तोटी उघडीच आहे, ऐसे सांगितले. सहाजण आले. सातवे हैबतराव, वयाने सर्वांत थोर, ते म्हणाले की, पणज्याची ऊब सोडणार नाही, आणि आपल्या दालनी एकटे बसले. दोन दिवस बसले. मोठ्या दालनातून हसण्याचा आवाज येई. तिसरे दिवशी पंत तोटी पाहावयाचे निमित्ताने गेले, तो हैबतरावांनी सहज विचारले, "पंत, मघा एवढे हसले ते काय होते?"

"काही नाही, रावसाहेब," पंत तोटीकडेच पाहत म्हणाले. "आपलाच विषय निघाला होता."

हैबतराव पागोटे न बांधताच मोठ्या दालनी येऊन बसले, आणि पाडव्यापर्यंत तेथून हलले नाहीत. जेवावयास जाताना देखील सगळे उठेपर्यंत उठत नसत.

ऐसे असता माघात बर्फासारखी थंडी पडली. पंतांनी तेलाच्या टाकीत काठी बुडवून पाहिली, तो एकशे चाळीस पिंपे, आणि जळत होती रोजची सहा. तेवीस दिवस, आणि पाडवा दीड महिन्यावर. त्याच सुमारास आंबवणीचा पाटील बाईसाहेबांस सांगावयास आला की, शेटजींची दोन माणसे गावात येऊन आंबे मोजून गेली, आणि विहिरीस दोर सोडून तळ पाहून गेली, आणि जाताना म्हणाली की, मोहोर बरा आहे. बाईसाहेबांनी पाटलास जेवू घातले. मग त्यांनी पंतांस बोलावून म्हटले की, लेखी दिले आहे ते दोघांच्याही गळ्याशी आले, तुमच्या घरून पुरले नाही तर बाजूस काढलेले अठराशेही तेलात जातील आणि गाव जाईल, आता बोला. पंत म्हणाले, "बाईसाहेब, वाड्यात एक जागा ऐसी आहे की ती तेलावाचून तापते, आणि आजवर तेथे कोणी मोठा माणूस गेला नाही."

ती जागा म्हणजे मुदपाकखाना. दुसरे दिवशी भट्टीचा जाळ कमी करून आजारी माणसे आणि बाळंतिणी यांच्यापुरता ठेविला, रोजचे दीड पिंप, आणि दरबार मुदपाकखान्यात भरला. महाराज उतरंडीशेजारी गादीवर, सरदार चुलींसमोर मानाप्रमाणे, आणि मधून भाकऱ्यांच्या टोपल्या चाललेल्या. मुख्य आचारीण गोदूबाई, तिने पहिल्याच दिवशी हैबतरावांस सांगितले की, बसायचे तर लसूण सोलायचा, रिकाम्या हातास माझ्या चुलीपुढे जागा नाही. हैबतरावांनी लसूण सोलला, आणि तो इतका नीट की बाकीच्यांस हेवा वाटून त्यांनीही मागितला. जे तंटे सदरेवर चार चार वर्षे लोंबत होते ते तेथे सकाळी निघून दुपारी मिटू लागले, कारण वरणाच्या फोडणीत कोणास फार वेळ बोलता येईना. थंडी अकरा दिवस राहिली. गेली तेव्हा महाराज खिन्न जाहले आणि म्हणाले की, आता सदरेवर जाणे आलेच काय. बाईसाहेब म्हणाल्या, "पाडव्यापर्यंत येथेच राहावे. गोदूबाईंस विचारून घ्यावे मात्र." गोदूबाईंनी रुकार दिला, लसणाच्या शर्तीवर.

पाडव्याच्या सकाळी माणकशेट आले, संगे लेखनिक, आणि कागद आधीच लिहून आणलेला, गावाच्या नावापुरती जागाही कोरी ठेविली नव्हती. बाईसाहेबांनी अठराशे रुपये त्यांजपुढे ठेविले आणि मोजून घ्यावे म्हटले. शेटजींनी दोनदा मोजले, तिसऱ्यांदाही मोजू पाहिले, परंतु अठराशेच भरले. मग ते पंतांकडे वळून हळूच म्हणाले, "पंत, तुम्ही आमचे होतां."

"होतो, शेटजी," पंत म्हणाले. "पण तुम्ही जळालेल्या तेलाचे देत होतां, आणि बाईसाहेब उरलेल्याचे देतात. जळालेले मजला एकदाही पाहावयास मिळाले नाही." ऐसे म्हणोन त्यांनी सर्वांदेखत टाकीत काठी बुडविली. एकाहत्तर पिंपे निघाली.

आता कोणी काय भरले, त्याची तेरीज, म्हणजे गोळाबेरीज. माणकशेट यांणी आंबे मोजणाऱ्या दोन माणसांची मजुरी भरली आणि मोहोर पाहून समाधान मानिले. सतरा सरदारांनी जी ऊब कधी अंगास लागली नव्हती ती भरली. हैबतरावांनी लसूण भरला, अदमासे दोन मण. महाराजांनी एक खिडकी भरली. विसाजीपंतांस एकाहत्तर पिंपांचे तीनशे पंचावन्न पावले, जुन्यापेक्षा पंच्याऐंशी जास्त, आणि थोरल्या लेकीचे लग्न वैशाखात जाहले. चारच्या भावाच्या पिंपास पाच रुपये दिले म्हणोन फडावरचे कारकून बाईसाहेबांस हसले. बाईसाहेबही हसल्या, आणि चार दिवस आंबवणीस जाऊन राहिल्या. ते तीनशे पंचावन्न आंबवणीच्या वसुलातून गेले, म्हणजे सरतेशेवटी राजवाड्याची ऊब ज्या गावाने भरली त्यात भट्टी एकही नव्हती. बाईसाहेबांनी हे पाटलास लपविले नाही. पाटलाने बोटांवर मोजून पाहिले, शेटजींच्या निम्म्या आंब्यांशी ताडून पाहिले, आणि म्हणाला की, स्वस्त पडले.