इसिकेलीने दारं उतरवली

इसिकेलीने घराची सगळी दारं-खिडक्या एकाच दिवशी उतरवल्या, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांनी ओळखलं की आठवडाभराच्या करमणुकीची सोय झाली.

तसं त्याचं चुकत नव्हतं. फिजीतल्या आमच्या ओव्हालाऊ बेटावर पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा राहतो. लाकूड फुगतं, दार चौकटीत रुतून बसतं, ओढलं तर मूठच हातात येते. इसिकेलीचं पुढचं दार लागत नव्हतं आणि निजायच्या खोलीची खिडकी उघडत नव्हती. त्यात शनिवारच्या बोटीने त्याची मुलगी लोसेना तीन आठवड्यांचं बाळ घेऊन राजधानी सुवाहून यायची होती. बायको वासिती तिला आणायला गेली होती आणि जाताना बजावून गेली होती, "माझ्या नातीला थेंबभर ओल लागली ना, तर तू नि तुझी हत्यारं दोघं बाहेर झोपाल."

"रंग सगळे पुढूनमागून लावतात," इसिकेली शेजारच्या तारायविनी आजीला समजावत होता. "खालची नि वरची कड तशीच राहते. लाकूड पाणी पितं ते तिथूनच. मी सगळ्या कडांना जवसाचं तेल पाजणार, मग रंग."

"पाज की. पण एकेक काढ."

"एकदाच काय ते उरकतो, आजी."

"मग गावाला हाक मार."

"माझ्या दारांना गाव कशाला?" इसिकेली म्हणाला. सुताराचा ताठा, दुसरं काय!

आमच्याकडे जेवताना कुणी घरावरून गेलं, तर "ये, जेवायला ये" म्हणावंच लागतं. दारं असली की निदान काही लोक दिसत तरी नाहीत. बिनदाराच्या घरात इसिकेलीला सगळं गाव दिसायला लागलं. बुधवारी दुपारी त्याने अळकुड्या आणि नारळाच्या दुधातली मासळी पुढ्यात घेतली आणि बघता बघता आम्ही नऊ जण पानावर बसलो. मासळी झकास होती, ते सांगायलाच हवं.

तेवढ्यात पाऊस कोसळला. अंगणात ओळीने मांडलेली दारं चिंब भिजली. आम्ही धावत जाऊन ती आत आणली, पण आत तरी कुठे कोरडं होतं? सगळीकडून झड येत होती. आमच्यातल्या पेनीने पुढचं दार खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "हे मी नेतो हं."

इसिकेली गडबडला. कुणी मागितलं तर आमच्यात नाही म्हणत नाहीत, आणि कशाला हवं असं विचारणं तर त्याहून वाईट. "ने," तो म्हणाला.

"मी या दोन झडपा नेते," तारायविनी आजी म्हणाली.

"न्या, आजी."

कुणी मागचं दार नेलं, कुणी खिडक्या, कुणी तेलाचा डबासुद्धा! इसिकेली प्रत्येकाला हसून "ने, ने" म्हणत होता. शेवटी घरात तो आणि उष्टी भांडी एवढंच उरलं.

शुक्रवारपर्यंत एकही दार परत आलं नाही. दिलेली वस्तू मागणार कशी? इसिकेलीने खिडक्यांना चटया ठोकल्या, पण पुढून समुद्राचा वारा थेट बाळाच्या अंथरुणावर येणार होता. अखेर तो वरच्या वाडीत मामेभावाकडे, वाइसाकेकडे गेला.

"तुझं पुढचं दार दे."

"डुक्कर माग, होडी माग! दार कुणी मागतं का रे शहाण्या?"

"नाही म्हणायचंय का?"

"म्हणता येत नाही ना, तेच तर दुखणं आहे," असं म्हणत वाइसाकेने स्वतःच बिजागऱ्या सोडवल्या.

ते दार दोन बोटं जास्त रुंद निघालं. इसिकेलीने रंधा मारून बरोब्बर बसतं केलं, तेलाचा डबा गेला होता म्हणून कडांना घरातलं खोबरेल पाजलं आणि निवांत झोपला.

शनिवारी सकाळी पेनी दार घेऊन हजर! मागोमाग आजी आणि बाकीचे सगळे. तीन दिवस चुलीच्या उबेला सुकवलेली, तेल प्यायलेली, कडेपर्यंत रंगवलेली दारं.

"मला वाटलं, तुम्ही कायमचीच मागून नेली," इसिकेली पुटपुटला.

"वेड लागलंय का?" पेनी म्हणाला. "माझ्या घराला दार आहे की! तुझी नात काय आमची कुणी नाही?"

इसिकेलीचे डोळे भरून आले. "लई उपकार झाले रे तुमचे," तो म्हणाला. "मी उगाच ताठ्यात राहिलो." सुताराच्या तोंडून हे ऐकायला मिळालं म्हणून आम्हीच धन्य झालो.

दुपारी बोट लागली. घर खडखडीत कोरडं, दारं बोटाने लोटावीत अशी. वासितीला नावं ठेवायला काही सापडेना. बाळ मात्र बोट हलल्यापासून जे रडत होतं, ते काही केल्या थांबेना. लोसेनाचे डोळे जागरणाने सुजले होते.

तेवढ्यात वाइसाके बायकोसकट, उशा-चटया घेऊन दारात उभा राहिला. दोघंही पावसाने निथळत होते.

"घरात पाणी शिरलं," तो म्हणाला. "म्हटलं, आपलं दार जिथे गेलंय तिथेच जाऊ."

"तुझं दार..." इसिकेलीला घाम फुटला. "दोन बोटं तासलंय मी. तू माझं घेऊन जा. तेही अपुरंच पडेल, पण कोरडं तरी आहे."

"लहान बाळाच्या घराचं दार नेऊ मी? आमच्यात सगळी जून हाडं, दोन बोटांच्या फटीने आम्हाला काय होतंय?"

"तुझ्या चौकटीला आतून पट्टी ठोकली की तुझंच दार बसेल. सोमवारी पहाटेच येतो," इसिकेली म्हणाला. "तोवर इथेच राहा, बाबा."

एवढ्यात घरात शांतता पसरली. वाइसाकेच्या बायकोने, सेरेइमाने, बाळाच्या पोटाला खोबरेल चोळून त्याला खांद्यावर घेतलं होतं, आणि बाळ चक्क झोपलं होतं. लोसेना बघत राहिली. मग हळूच बापाजवळ आली.

"बाबा," ती कुजबुजली, "ती पट्टी जरा सावकाशच ठोका."